बाजी वेण्णेकर, लेफ्ट विंग

"काल चार लागली हुती फॅट, आज साडेतीन कशी गं?"

डेअरीच्या खिडकीपलीकडून म्हातारी विचारत होती. पण क्रांतीच्या कानात काही शिरतच नव्हतं. मोबाइलवर आलेली ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत होती. 'ट्रेड : वारणा वाघ संघाकडून माहुली संगम संघाकडे. बाजी वेण्णेकर, लेफ्ट विंग. बदल्यात एक गोलकीपर आणि एक फुलबॅक.'

तिला न विचारता तिला देऊन टाकलं होतं.

"आगं, ऐकतीस का?"

"व्हय आजी. परत लावते," असं म्हणून तिनं नमुना पुन्हा मशीनला लावला, पण दूध थोडं सांडलं.

बाजी वेण्णेकर म्हणजे क्रांतीच. कृष्णाकाठ हॉकी लीग काही मैदानावर चालत नव्हती. सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या अश्फाकनं ती मोबाइलवर उभी केली होती. प्रत्येकानं आपला एक होतकरू खेळाडू तयार करायचा, त्याचं नाव, वय, जागा, गुण-अवगुण ठरवायचे. दर आठवड्याला त्याचा सराव लिहून पाठवायचा, तसा तो तयार होत जायचा. संघांचे मॅनेजर ड्राफ्टच्या दिवशी पाळीपाळीनं नवे खेळाडू उचलायचे, पुढे आपसात त्यांची अदलाबदल करायचे, आणि शनिवारी कॉम्प्युटर सामने खेळवून कुणी गोल मारला, कोण पडलं, सगळं लिहून द्यायचा. लीगमधले बहुतेक जण सातारा-सांगलीकडचे, कधीतरी खरी स्टिक हातात धरलेले. बरेचसे टोपणनावानंच वावरायचे.

क्रांतीला यात आणलं संयोगितानं. दोघी सांगलीच्या क्रीडा वसतिगृहात एका खोलीत वाढलेल्या. संयोगिताचा लीगमध्ये स्वतःचा संघ होता. क्रांतीनं मात्र पुरुषाचं नाव घेतलं. मेढ्याची ती, वेण्णा नदीच्या काठची, म्हणून वेण्णेकर. वय अठरा. जागा लेफ्ट विंग, जिथं ती स्वतः राज्याच्या संघातून खेळली होती. लग्न होऊन कोरेगावात आली तेव्हा सासऱ्यांनी तिच्या सामानातल्या दोन स्टिक पाहिल्या आणि एवढंच म्हणाले, "कुनाला तरी देऊन टाका. घरातली बाई मैदानात पळत्येली बरी दिसत न्हाई." ते स्वतः पलटणीच्या संघाचे सेंटर हाफ होते. तिनं स्टिक मेढ्याच्या शाळेला दिल्या. त्यावर पुढे कधी बोलणंही झालं नाही.

डेअरी बंद करून ती घरी निघाली तोच नव्या मॅनेजरचा निरोप आला. त्याचं लीगमधलं नाव होतं 'सेंटर हाफ'.

'बाळ बाजी, आलास. तीन हंगाम तुझ्यावर डोळा होता. आजपासून डावी पट्टी तुझी. मोकळा खेळ, कुणाला विचारत बसू नकोस.'

ती रस्त्याच्या कडेला थांबली. डोळे भरून आले, त्याचं तिलाच नवल वाटलं. तिथंच उभं राहून तिनं लिहिलं, 'साहेब, आधीच्या संघात नुसतं पास दे, पास दे चालायचं. मला बॉल घेऊन पळायची मुभा पाहिजे.'

घरात पाऊल टाकलं तर पुढच्या सोप्यात सासरे, नानासो, फोनवर मोठमोठ्यानं बोलत होते. रिटायर होऊन सुभेदाराची वर्दी उतरली, तरी आवाज परेड ग्राउंडवरचाच राहिला होता.

"कोंडीबा, तुज्या वारणा वाघनं लुटलं गड्या मला! एका पोरासाठी दोन घेतलंस माझं. पर पोरगं कसं हाय सांगू? आत्ताच त्याचा निरोप आलाय. ऐक. 'साहेब, आधीच्या संघात नुसतं पास दे, पास दे चालायचं. मला बॉल घेऊन पळायची मुभा पाहिजे.' ह्याला म्हंत्यात खेळाडू! तुला ठेवता आला न्हाई."

क्रांतीच्या हातातली किटली उंबऱ्यावर आपटली.

"काय झालं?" नानासोंनी मान न वळवताच विचारलं.

"काय न्हाई मामा. पाय अडकला."

ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. हे सासरे संध्याकाळभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात ते पत्ते खेळतात, असं तिला वाटायचं. ती स्वतः मोबाइल घेऊन बसली की बहिणीशी बोलते, असं घरच्यांना वाटायचं. एका भिंतीच्या अलीकडं-पलीकडं बसून दोघं एकाच लीगमध्ये होते, आणि आता एकाच संघात!

सासूबाई, बनुबाई, मागच्या दारातून आल्या. "तोंड का उतरलंय गं?"

"ऊन लागलं आत्ती."

सांगावं, की लीग सोडून द्यावी? भाजी चिरताना दोन्ही विचार तिच्या मनात येऊन गेले. तेवढ्यात मोबाइल वाजला. 'मुभा दिली. पण बॉल गेला तर मागं पळत यायचं. आमच्या संघात रुसून उभं राहायचं नसतं.' भिंतीपलीकडून नानासोंचा खोकला ऐकू आला. तिनं लिहिलं, 'होय साहेब.'

मग हे असंच चालू राहिलं. घरात नानासोंचं सुनेशी बोलणं म्हणजे 'चहा' आणि 'वीरधवलचा फोन आला व्हता का?' वीरधवल म्हणजे तिचा नवरा, तोही पलटणीत, दूर ईशान्येकडं. पण बाजीला मात्र ते भरभरून लिहायचे. पावसात ओल्या झालेल्या मैदानावर बॉल कसा थांबतो, बचाव करणाऱ्याच्या डोळ्यांकडं नाही तर कमरेकडं का बघायचं, एकदा गुडघा सुजलेला असताना आपण कसे खेळलो. क्रांती उलट उत्तर द्यायची, कधी वादही घालायची. ते हरले तर कबूल करायचे. 'तुझं बरोबर. म्हातारा झालो बाळ.' जेवायला वाढताना त्यांच्या तोंडाकडं बघून तिला वाटायचं, हा माणूस आपल्याला ठाऊकच नव्हता. आणि दुसऱ्याच क्षणी आठवायचं, त्यांनाही आपण ठाऊक नाही.

बाजीनं त्या हंगामात गोलांचा धडाका लावला. शनिवारी निकाल आला की नानासो गल्लीभर सांगत सुटायचे, "आमच्या पोरानं आज पुन्ना दोन हानलं!" शेजारचे विचारायचे, "वीरधवलनं व्हय?" नानासो नुसते हसायचे.

नव्या हंगामाचा ड्राफ्ट रविवारी दुपारी ग्रुप कॉलवर होता. नानासो सोप्यात चष्मा लावून मोबाइल घेऊन बसले. क्रांती आत भाकरीचं पीठ मळत होती. तिच्या मोबाइलची बॅटरी संपत आली होती आणि स्वयंपाकघरातला प्लग कालपासून चालत नव्हता, म्हणून मोबाइल सोप्यातल्या खिडकीत चार्जिंगला होता. नानासोंच्या खांद्यामागं.

नानासोंनी टाइप केलं. 'बाजी, पहिली पाळी आपली येणार. गोलकीपर घेऊ का सेंटर फॉरवर्ड?'

खांद्यामागं टुंग वाजलं.

उत्तर आलं नाही. नानासोंनी पुन्हा लिहिलं, 'बाळ, आहेस का?'

पुन्हा टुंग.

त्यांनी मान वळवली. काही वेळ खिडकीकडं नुसतं बघत राहिले. मग आपल्या मोबाइलवर एकच अक्षर लिहून पाठवलं आणि नजर खिडकीवरच ठेवली. टुंग. पडदा उजळला. त्यावर त्यांचंच नाव होतं, सेंटर हाफ, आणि खाली त्यांचेच शब्द.

क्रांती बाहेर आली तेव्हा ते तिचा मोबाइल हातात धरून उभे होते.

"हे कुनाचं हाय?"

"माझं, मामा."

"बाजी... बाजी कोन हाय?"

पिठाचे हात तिनं पदराला पुसले. खोटं बोलावं असं तिला वाटलं, पण तोंडून निघालं, "मीच."

नानासो खाली बसले. त्यांच्या मोबाइलवर अश्फाकची हाक येत होती. "माहुली संगम, तुमची पाळी हाय. चाचा, बोला. कुनाला घेताय? चाचा?" नानासोंना ते ऐकूच येत नव्हतं. वेळ संपली, आणि कॉम्प्युटरनंच त्यांच्या पदरात कुठला तरी खेळाडू टाकला.

"पहिल्या दिसापास्नं ठावं हुतं तुला?" त्यांनी विचारलं.

"व्हय. तुमी कोंडीबामामांना वाचून दाखवलं, तवाच."

"आन् तरी बोललीस? एवढं सगळं?"

क्रांतीनं मान खाली घातली. "दुसरं कुनी बोलत नव्हतं मामा."

त्यानंतर सेंटर हाफकडून निरोप येणं बंद झालं. नानासो गप्प झाले, जेवण अर्धं टाकून उठू लागले. बनुबाई काळजीनं म्हणाल्या, "दृष्ट लागली का काय ह्यास्नी? तुज्याशी काय बोलणं झालं का गं?" "न्हाई आत्ती," म्हणत क्रांतीनं त्यांचं ताट उचललं. मॅनेजर गेला, आणि घरातला माणूसही आधीपेक्षा लांब गेला. आपण मोबाइल स्वयंपाकघरातच ठेवायला हवा होता, असं ती स्वतःला बोलत राहायची.

एका सकाळी डेअरीच्या रांगेत नानासो दिसले. इतक्या वर्षांत ते तिथं कधी आले नव्हते. हातात किटली नाही, काही नाही. रांगेतली माणसं बाजूला सरकली, "या सुभेदार, फुडं या," म्हणाली. पण ते आपल्या जागेवरच उभे राहिले. पाळी आल्यावर खिडकीशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅनेजरनं ट्रेड करायच्या आधी खेळाडूला सांगावं, अशी माजी रीत हाय. म्हनून आलोय."

"मला काढताय?"

"व्हय."

"माझं काय चुकलं, मामा?"

"तुजं न्हाई चुकलं." नानासो खिडकीच्या गजाला धरून उभे होते. "बाजीला मी लिव्हलं, मोकळा खेळ, कुनाला इचारू नगंस. आन् तुज्या स्टिक बघून तुला काय म्हनलो हुतो, ते बी आठवतंय मला. आता कुठल्या तोंडानं तुला सांगू, असं खेळ न् तसं खेळ?"

मागून कुणीतरी ओरडलं, "आवं, दूध नासंल की!" क्रांतीनं तिकडं पाहिलंही नाही.

"कुठं जायचं हाय, ते सांग," नानासो म्हणाले. "तू म्हनशील तिथं धाडतो."

कुठं जायचं आहे, असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मेढ्याहून इथं येतानाही नाही. खरं तर तिला कुठंच जायचं नव्हतं. सेंटर हाफच्या संघात राहायचं होतं, पावसातला बॉल आणि सुजलेला गुडघा ऐकायचा होता. पण तो सेंटर हाफ आता उरला नव्हता, हे समोरच्या माणसाच्या डोळ्यांत तिला दिसलं.

"सांगलीला," ती म्हणाली. "संयोगिताच्या संघात. आन् मामा, नाव बदलता येतं का?"

"अश्फाकला सांगतो. काय लावायचं?"

"माझं."

नानासोंनी मान हलवली आणि रांगेतून बाहेर पडले.

संध्याकाळी लीगवर जाहीर झालं. 'माहुली संगमकडून सांगलीकडे, क्रांती वेण्णेकर, लेफ्ट विंग. आधीचं नाव बाजी. बदल्यात एक नवखा गोलकीपर.' लीगमध्ये एकच हशा पिकला. तो गोलकीपर कुणी फुकटही घेतला नसता.

क्रांती चुलीपाशी भाकरी थापत होती. सोप्यात फोन वाजला. स्पीकरवर कोंडीबाचा आवाज घरभर झाला.

"आरं नानासो, डोकं फिरलं का काय? दोन द्यून आनलास न् ह्या किमतीत इकलास?"

"इकला न्हाई."

"मग?"

"तिला जायचं हुतं. गेली."

"गेली?" कोंडीबा अडखळला. "आन् ही क्रांती कोन म्हनायची?"

आत क्रांतीचा हात तव्यावरच थांबला. भाकरी एका अंगानं फुगली, मग काळी पडत गेली.

"आमची सून हाय ती," नानासो म्हणाले. "लेफ्ट विंगला खेळायची. राज्याकडनं."

"आयला," एवढंच कोंडीबा म्हणाला, आणि फोन बंद झाला.

"भाकरी करपली गं, आगं बघ की!" म्हणत बनुबाई धावत आल्या. तोवर नानासो आत येऊन पाटावर बसले होते. क्रांतीनं करपलेली भाकरी बाजूला सारली, तर त्यांनी हात लांब करून तीच ओढून घेतली. पहिला घास आमटीत बुडवताना तिच्याकडं न बघता ते म्हणाले,

"शनवारी तुमची मॅच आमच्यासंगं हाय."

"व्हय."

"डावीकडनंच येनार का मधी घुसनार?"

क्रांतीनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला.

"ते दुसऱ्या टीमच्या मॅनेजरला सांगत न्हाईत, मामा."

नानासोंचा घास हातातच राहिला. बनुबाई तोंडाला पदर लावून दोघांकडं बघत राहिल्या. मग नानासोंनी हळूच मान खाली घातली, "बराबर हाय," म्हणाले, आणि भाकरीची काळी कड मोडून खाऊ लागले.