भिंगरीची साक्ष

न्हाव्याला लोक गप्पीदास म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्याशी वस्तरा टेकवून जो गप्पा मारतो, त्याला गप्प बस म्हणायची छाती कोणाची? पण माणूस सरळ. दारूच्या थेंबाला शिवला नाही, की कोणावर हात उगारला नाही. बायको तापाने अंथरुणाला खिळली तेव्हा चार महिने दुकानाला कुलूप लावून तिच्या उशाशी बसला, चमच्याने औषध पाजत राहिला. ती गेली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. मुलगी एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायला लागले. तिची वेणीफणी, डबा, ताप-खोकला सगळं त्यानेच केलं. तिचे केसही तोच कापायचा, आणि अशी काटेकोर रेघ यायची की शाळेतल्या बाई विचारायच्या, पट्टी लावून कापतात का गं?

शाळा देवाच्या नावाने चालायची. ज्यांच्या घरात दोन वेळच्या जेवणाची मारामार त्यांच्याच मुलींना घ्यायचे. फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण फुकट. बदल्यात सकाळ-दुपार प्रार्थना आणि वर्षातून एकदा साक्ष. साक्षीच्या दिवशी लांबलांबून देणगीदार येत आणि सातवीतली एक मुलगी प्रार्थनागृहात उभी राहून सांगे, मी कसल्या चिखलात होते आणि देवाने मला कसं वर काढलं. शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे शिकायला संस्थेच्या मोठ्या शहरातल्या वसतिगृहात एकाच मुलीला जागा मिळे, साक्ष देणारीला. बाकीच्या इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुवायला जात. भिंगरी तर फळ्यावरच्या गणितात बाईंच्या चुका काढायची. हिचे हात त्या चादरींना लागू द्यायचे नाहीत, एवढा एकच ध्यास न्हाव्याने घेतला होता.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्याला बोलावून घेतलं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर तो सावध तरी राहिला असता.

"मुलगी हुशार आहे, बोलते पण छान," त्या म्हणाल्या. "पण तिच्या साक्षीत काही घडतच नाही हो. आई आजाराने गेली, बाप चांगला. मग देवाने हिला वर काढलं ते कुठून? गेल्या वर्षीच्या मुलीने अख्खी सभा रडवली होती."

"मग मी पितो म्हणून लिहा की," न्हावी हसत हसत म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडली. "हे खोटं समजू नका. ज्या मुलींना बोलता येत नाही, त्यांचं दुःख हिच्या तोंडून देवापर्यंत जाणार आहे."

न्हाव्याला हे पटलं. पटवून घ्यायचंच असलं की माणसाला काहीही पटतं.

त्या दिवसापासून संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं की दुकानात तालीम सुरू व्हायची. गप्पीदासच तो, त्याच्या अंगात आलं. "नुसतं मारायचे म्हणण्यात काय दम आहे? पट्टा घाल त्यात," असं म्हणून त्याने वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा खुंटीवरून काढला आणि हवेत फटकारून दाखवला. खुर्चीभोवती झोकांड्या खात त्याने दारुडा करून दाखवला. भिंगरी पोट धरून हसत होती, हसता हसता तिला उचकी लागली.

"आणि कोणी हात वर केला की मान अशी आत घ्यायची. बघ, कासवासारखी. जमतंय का?"

"बाबा, तू किती येडा आहेस रे!"

पण जमलं. पाचव्या तालमीला तर असं जमलं की त्याने उगारलेला हात आपणहून खाली घेतला. मग तिने डोळा मारला, त्यानेही मारला, आणि दोघं जेवायला बसले.

एकाच गोष्टीवर तो अडून बसला. बाईंनी वहीत एक ओळ घातली होती: आईच्या औषधाच्या पैशांची बाबा दारू प्यायले.

"हे नाही," तो म्हणाला. "बाकी काय वाट्टेल ते म्हणा. हे नाही."

बाईंनी त्याच्यासमोर ती ओळ खोडली.

साक्षीच्या दिवशी त्याला येऊ नका म्हणून निरोप होता. दारुडा बाप असा चोख भांग पाडून बसलेला कसा चालेल? तो प्रार्थनागृहाच्या मागच्या खिडकीशी उभा राहिला. भिंगरी बोलायला लागली आणि सभेत रुमाल निघाले. पट्ट्याच्या ओळीपाशी ती थांबली, मान आत घेतली. पुढच्या रांगेतल्या एका श्रीमंत बाईने तोंडावर हात धरला. आणि मग भिंगरी म्हणाली, "आई तापाने फणफणत होती. बाबा तिच्या औषधाच्या पैशांची दारू प्यायले."

न्हाव्याने खिडकीचा गज घट्ट धरला. ती श्रीमंत बाई हुंदके देऊन रडत होती. टाळ्यांच्या कडकडाटात भिंगरीने खिडकीत बापाला शोधलं आणि हळूच डोळा मारला. त्यानेही मारला. जागा मिळाली होती ना!

जागा अशी मिळाली की त्या श्रीमंत बाईने जागच्या जागी बजावलं, या मुलीला त्या घरी पुन्हा पाठवायचं नाही. वर्षभर भेट नाही, पत्र नाही. त्याच दुपारी भिंगरी दप्तरासकट गाडीत बसली. न्हाव्याला फाटकाच्या आत कोणी घेतलं नाही. ओरडून सांगावं, हे सगळं नाटक आहे? मग जागा गेली. तो फाटकाबाहेरून गाडी जाताना बघत राहिला.

साक्ष वस्तीत पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. बायकोच्या आजारपणात ज्या शेजारणीने त्याची धावपळ डोळ्यांनी पाहिली होती, तीसुद्धा म्हणाली, "आतलं कोणाला कळतं बाई!" आयांनी मुलं त्याच्याकडे पाठवणं बंद केलं. तो कोणापाशी एका शब्दाने बोलला नाही. खरं सांगावं तर पोरगी खोटी पडणार. ज्याची बडबड ऐकून लोकांचे कान किटायचे, त्याच्या दुकानात आता फक्त कात्रीचा आवाज यायचा. भिंगरी दर महिन्याला नव्या गावात साक्ष देते, असं शाळेच्या पत्रकात छापून आलं. त्यातला तिचा फोटो कापून त्याने आरशाच्या कोपऱ्यात खोचला.

वर्ष संपलं त्या दिवशी तो वसतिगृहाच्या दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशात कात्री आणि फणी. वर्षभरात पोरीच्या केसांचं काय झालं असेल, ही चिंता. कात्री फाटकावर काढून घेतली, फणी राहू दिली.

भेटीच्या खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. भिंगरीला आत सोडून तिथल्या बाई दार लावून निघून गेल्या. पोरगी वीतभर उंच झाली होती. केस कोणीतरी वेडेवाकडे कापले होते, डावीकडे बोटभर आखूड. न्हाव्याने डोळा मारला.

तिने खाली पाहिलं. "बसा ना," ती म्हणाली.

"बसा काय, अगं? दार लावलंय, कोणी नाही ऐकायला." तो हसला. "आणि केसांची काय ही दशा केलीय!" असं म्हणत त्याने फणी काढली आणि बट सारखी करायला हात वर केला.

भिंगरीची मान आत गेली.

"वा! अजून विसरली नाहीस!" तो म्हणाला. पण ती हसत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बाबा, तो पट्टा अजून तिथेच आहे?"

"धारेचा? आहे की, खुंटीला."

"टाकून द्या तो."

"भिंगरे, अगं ते आपण दोघांनी..."

"मला आता सगळं आठवतं," ती म्हणाली. "आधी आठवत नव्हतं, तेव्हा मला खेळच वाटायचा तो. सांगता सांगता आठवलं. आईचा खोकलासुद्धा आठवतो."

आईला खोकला कधीच नव्हता.

"मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते. मी तुम्हाला माफ केलंय, बाबा. आईच्या औषधाचंसुद्धा."

न्हाव्याच्या तोंडापर्यंत सगळं आलं. ते चार महिने, तो चमचा, बाईंनी खोडलेली ती ओळ. एकदा बोलायला लागला असता तर थांबला नसता. पण पोरीचा चेहरा त्याने पाहिला. बारा गावांत देवासमोर उभी राहून ती हेच बोलली होती. हे खोटं ठरलं तर ती कोण ठरणार? ती धावत बाईंकडे जाणार, खरं काय ते सांगणार, आणि उद्या धोबीखान्यात चादरी धुणार. तिच्या शिक्षणाची अजून चार वर्षं बाकी होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "टाकतो पट्टा."

भिंगरीचा चेहरा उजळला. आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

"आणि दारू?"

न्हाव्याने हातातली फणी टेबलावर ठेवली.

"सोडली," तो म्हणाला. "तू गेलीस त्या दिवसापासून."

तिने डोळे मिटले, हात जोडले आणि मोठ्याने देवाचे आभार मानले. मग एक डोळा किलकिला करून पाहिलं, बाबांनीही हात जोडलेत की नाही. त्याने जोडले होते.