डुगडुगती तिपाई आणि मावशीचं हसू

मी तिपाई बोलतेय. हो, तीच, स्टेजवर त्या हसवणाऱ्याच्या शेजारी डोक्यावर पाण्याचा ग्लास घेऊन उभी असते ना, ती. लोक त्याच्याकडे बघतात, माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बरंच आहे बाई. मला सगळ्यांची तोंडं निवांत बघायला मिळतात.

सुताराने मला घडवताना एक पाय ढिला बसवला आणि म्हणाला, "चालतंय!" तेव्हापासून मी डुगडुगते. मावशीच्या स्वयंपाकघरात होते तेव्हा ती वरचे डबे काढायला माझ्यावर चढायची, आणि मी मुद्दाम जरा हलायचे. "मेली तिपाई!" म्हणून ओरडायची. काय गोड वाटायचं!

तिचा भाचा गप्पू. माझ्यावर उभा राहून घरच्यांच्या नकला करायचा, सगळे हसून लोळायचे. मोठा झाला तर तोच धंदा धरला आणि मलाही घेऊन गेला. पण परकी माणसं घरच्यांसारखी हसतात थोडीच? हाताची घडी घालून बसतात, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी.

गप्पूच्या मामाचं नळाच्या सामानाचं दुकान. शेवटी मामा म्हणाला, "आता हा एकच कार्यक्रम. नाही लोक हसले, तर उद्यापासून गल्ल्यावर. कबूल?"

"कबूल," गप्पू म्हणाला. तोंड एवढंसं झालं होतं.

म्हणून त्याने मावशीला पहिल्या रांगेत बसवलं. तिला ऐकू येतं कमी. मग खूण ठरली. त्याने माझ्यावर हात ठेवला, की मावशीने हसायचं. एक हसलं की बाकीचे हसतात म्हणे.

दोन विनोद तसेच ढकलले. तिसरा गप्पू साफ विसरला. घाबरून त्याने आधाराला मलाच धरलं. झालं! मावशी खो-खो.

"अगं, आत्ता नाही!" तो कुजबुजला. हात काही सुटेना. मावशी आणखी जोरात.

"मावशी, मी विसरलोय गं!"

मावशी पोट धरून हसतेय. मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी ढिला पाय जरासा सरकवला. गप्पू आडवा, पाणी अंगावर, आणि लोकांची हसून हसून पुरेवाट. मामा तर डोळे पुसत होता.

सभागृहवाला म्हणाला, "पुढच्या महिन्यात परत या. आणि या बाईंना आणाच!"

गप्पू घरी येऊन तोंड फुगवून बसला, विनोदांना कुणी हसलंच नव्हतं. "मावशी, खरं सांग, विनोद कसे होते?"

"मला कुठे ऐकू आलं? मी तुझ्या हाताकडे बघत होते. आता सांग, मोठ्याने."

त्याने सगळे सांगितले. तिला काही हसू आलं नाही.

"हे कुणाचं उचललंस रे मेल्या? तू घाबरलास, पडलास, ते सांग की. ते तुझं होतं."

आता गप्पू स्टेजवर तेच सांगतो. कधी लोक हसतात, कधी नाही. मामा अधूनमधून विचारतो, "उद्यापासून येतोस ना?"

"उद्या नको मामा, कार्यक्रम आहे."

माझा पाय आता तारेने आवळलाय. म्हातारपणी खोड्या कमी झाल्यात, गेल्या नाहीत. तुम्ही कार्यक्रमाला याल तेव्हा एवढंच करा. हसू आलं तरच हसा. पण आलेलं दाबू नका बाई. दाबलेलं हसू भलतीकडून आवाज करत बाहेर पडतं, आणि मग माणसं उगाच खुर्चीकडे बघतात.