ओटमार मास्तरांची रिकामी जागा

मी एक जुना, दोन आसनांचा ग्लायडर आहे. मित्रांनो, मला इंजिन नाही, त्यामुळे स्वतःच्या मर्जीने मी कधी कुठे गेलो नाही. वर जायचे तर कुणीतरी दोराने ओढायचे, खाली उतरलो की कुणीतरी ढकलत न्यायचे, असे माझे परावलंबी जगणे.

माझ्या आधी शिकाऊ मुलांना उघड्या सांगाड्यावर एकटेच बसवत आणि रबरी दोराने उतारावरून भिरकावून देत. शिकणे म्हणजे पडणेच. मोडलेली हाडे पाहून कंटाळलेल्या, जर्मनीतल्या आमच्या श्वाबियन टेकडीवरच्या उड्डाण मंडळाने अखेर गावच्या सुताराकडून मला घडवून घेतले. लाकडी पट्ट्या, प्लायवूड आणि वर ताणलेले कापड. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. मला वर-खाली वळवायचे दोघांचे दांडे आतून जोडलेले, एक हलला की दुसरा हलणार. मागची जागा नेमकी पंखांखाली ठेवली, म्हणजे शिकवणारा नसला तरी माझा तोल ढळत नाही. ही करामत बघायला लांबून लोक येत आणि मी फुशारून जाई.

मग युद्ध आले. माझ्यावर शिकलेल्या पोरांना गणवेश मिळाले आणि बरीचशी परतलीच नाहीत. हरल्यावर तर उडायलाच बंदी झाली. ग्लायडर जाळले जात होते तेव्हा माझ्या मागच्या जागेवरून शिकवणाऱ्या ओटमार मास्तरांनी मला सुटे करून कोठारातल्या गवताखाली दडवले. बंदी उठल्यावर उंदरांनी कुरतडलेले माझे कापडही त्यांनीच बदलले.

मास्तर जिभेने तिखट. शाबासकी देणे त्यांना ठाऊकच नव्हते. पण विद्यार्थ्याला एकट्याने वर पाठवताना ते मागून उतरत, रिकाम्या जागेचा पट्टा आवळून बांधत आणि हिसका देऊन बघत. लोंबता पट्टा मागच्या दांड्यात अडकला तर पुढच्याचाही दांडा अडतो.

बेकरीवाल्यांची ट्राउडल त्यांची सगळ्यात हट्टी विद्यार्थिनी. तिला एकटीला पाठवायचा दिवस उजाडला. पहिल्यांदा एकट्याने उडून येणाऱ्याला आमच्याकडे पाठीत धपाटे घालतात आणि हातात काटेरी फुलांचा गुच्छ देतात. तो इतर मुले तोडून आणत. त्या दिवशी मात्र मास्तर उतरले ते थेट उताराकडेच निघाले. "आज काटे मी निवडणार. तुम्ही मेले गुळगुळीत तोडता," असे ते मुलांना म्हणाले. आनंद त्यांना लपवता येत नव्हता. पट्टा तसाच राहिला.

मला दिसत होते, मित्रांनो, पण सांगणार कसे? दोर ताणला गेला आणि आम्ही वर गेलो.

ती सुरेख उडत होती. शेवटच्या वळणावर पट्ट्याची कडी घसरून मागच्या दांड्याच्या पाठीशी अडकली. उतरताना दांडा मागे ओढावा लागतो. तिने ओढला, तो येईना.

"मास्तर, सोडा ना दांडा," ती सवयीने म्हणाली. मग एकदम तिने दोन्ही हातांनी जोर लावला. मागे कुणी नाही हे तिला आठवले असावे.

मी नाकावर आपटलो. ट्राउडल वाचली, पण तिचा पाय मोडला. मास्तर काटे हातात घेऊनच धावत आले. त्यांनी आधी तिला बाहेर काढले, मग माझ्या मागच्या जागेत डोकावले, आणि तिथेच खाली बसले.

माझे नाक सुताराने पूर्ववत केले. मास्तर मात्र पुन्हा माझ्यात बसले नाहीत. दुसरा शिक्षक नव्हता, म्हणून मी शेडमध्ये धूळ खात पडलो. एके रविवारी ट्राउडल लंगडत आली, पुढच्या जागेवर बसली आणि दारात उभ्या असलेल्या मास्तरांना म्हणाली, "या की, मास्तर. मागे बसा. मला अजून वळणं नीट येत नाहीत."

मास्तर जवळ आले. त्यांनी मागच्या रिकाम्या जागेचा पट्टा आवळून बांधला, हिसका देऊन बघितला आणि घरी गेले. ती पुढच्या जागेवर बराच वेळ रडत बसली.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. लाकूड जोडता येते. पण एकदा चुकलेले असे एखादे माणूस तुमच्या गावात असेल, तर त्याच्या घरी जा आणि हाताला धरून त्याला घेऊन या. मला जाता येत नाही.