पाय कच्चा

मी ब्रेक बोलतोय. तुमच्या गाडीत असतो तो नव्हे, मी डावीकडचा, दुसरा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा पेडल असतं, ते मी. कंपनीतून गाडी निघाली तेव्हा मी नव्हतोच. हडपसरच्या एका वर्कशॉपात लोखंडी पट्टीतून मला कापलं, वाकवलं, वर रबराची टोपी चढवली आणि एका सळईनं उजवीकडच्या ब्रेकशी जोडून दिलं. तो खाली गेला की मी खाली जातो, मला दाबलं की तो जातो. आम्हां दोघांना वेगळं असं काही करता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिच्यावरच सगळं आलं.

माझे मालक गेनबा. कर्वेनगरात आज जिथे सोसायट्या आहेत तिथे त्यांची शेती होती. तरुणपणी ते भाजीचा ट्रक मार्केट यार्डला न्यायचे. पुढे जमीन गेली, ट्रक गेला, पण पाय ट्रकचाच राहिला. त्या जुन्या ट्रकला ब्रेक लावायचा म्हणजे धाडकन लाथ मारावी लागे. तीच लाथ मी बारा वर्षं खातोय. तक्रार नाही. त्या लाथेनं कितीतरी जणांना वाचवलंय, हे मीच सांगितलं पाहिजे.

माणूस वाईट नव्हता. शिकवण्यात कामचुकारपणा नाही, बायकांशी बोलण्यात वावगा शब्द नाही. पण एकदा मत बनलं की बनलं. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. रोजची शिकवणी संपली की शिकणाऱ्याच्या नावापुढे शेरा लिहायचे. 'क्लचची घाई', 'आरसा बघत नाही', 'पाय कच्चा'. गेल्या दोन वर्षांत 'पाय कच्चा' फार वेळा यायला लागलं. आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं.

ब्रेक आणि चाकं यांच्यामध्ये तेल असतं. बॉनेटखाली एक छोटा सिलिंडर असतो, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात, त्यातली रबरं ते तेल पुढे ढकलतात. आमचं तेल कित्येक वर्षांत बदललेलं नव्हतं, काळं पडलं होतं आणि रबरं झिजली होती. गेनबांची लाथ बसली की ती रबरं फुगून घट्ट बसायची आणि गाडी जागच्या जागी थांबायची. पण कुणी हलक्या पायानं ब्रेक दाबून धरला, की तेल रबराच्या कडेनं गुपचूप मागे सरकायचं आणि पेडल हळूहळू खाली बसायचं. बाहेर तेलाचा थेंब नाही. वरची तेलाची डबी भरलेली. मग संशय कुणाचा येणार? पायाचा.

अपेक्षा नावाची एक मुलगी होती, हिंजवडीला नोकरीला. नवव्या दिवशी सिग्नलला ती म्हणाली, "सर, पेडल आपोआप खाली जातंय."

"पेडल जात न्हाई, तुमचा पाय जातोय," गेनबा म्हणाले. "ध्यान कुठं हाय?"

ती दहाव्या दिवशी आलीच नाही. वहीत शेरा पडला. मी तिथेच होतो, सळईनं बांधलेला, तोंड नसलेला. एकदा, खरं सांगायला हवं, गेनबांनी एका गॅरेजवाल्याला ब्रेक दाखवलेसुद्धा. त्यानंही बूट घालून एक सणसणीत दाबला आणि म्हणाला, "टाइट आहे की." झालं. राकट पायाला माझं दुखणं कधी कळलंच नाही.

एप्रिलात कुसुमताई आल्या. वय बासष्ट. चाळीस वर्षं घरी ब्लाउज शिवलेले, तेही पायमशीनवर. त्यांचे यजमान श्यामसुंदर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत जे पाहायचं ते पाहून घ्या. आणि श्यामसुंदरांना एकच गोष्ट पाहायची होती. नोकरीची पहिली आठ वर्षं त्यांनी भाटघर धरणावर काढली होती. ती भिंत, ते पाणी पुन्हा एकदा बघायचं होतं.

"भाड्याची गाडी करून जा की," गेनबा पहिल्याच दिवशी म्हणाले.

"तो ड्रायव्हर घड्याळ बघत उभा राहणार," कुसुमताई म्हणाल्या. "यांना घाईनं बघायचं नाहीये. दारात गाडी पडून आहे. मीच नेणार."

मला त्या बाईंचा पाय फार आवडला. ब्रेकवर पाय ठेवायच्या आणि दाब एकसारखा वाढवत न्यायच्या. न धक्का, न हिसका. पण माझ्यासारख्या आजारी ब्रेकला असाच पाय सोसत नाही. रोज सिग्नलला मी त्यांच्या पायाखाली बसत जायचो आणि रोज गेनबा ओरडायचे.

मे महिन्यात टेकडीकडून कालव्याकडे येणाऱ्या उतारावर ते घडलं. पुढे गाड्या थांबलेल्या. कुसुमताईंनी व्यवस्थित गाडी थांबवली, ब्रेक धरून ठेवला. एक म्हातारे गृहस्थ दुधाच्या पिशव्या घेऊन पुढून रस्ता ओलांडत होते. मी खाली जायला लागलो. इंच, दीड इंच. गाडी सरकली. बंपर लागला आणि ते गृहस्थ रस्त्यावर बसले. मग गेनबांची लाथ आली.

लागलं नव्हतं. पण पिशव्या फुटल्या, दूध उतारावरून वाहत गेलं, माणसं जमली. त्या माणसांदेखत गेनबा बोलले, "ताई, तुमच्या पायात जीव न्हाई. कुनाचा तरी जीव घ्याल. तुमच्यानं व्हायचं न्हाई हे, सोडा नाद."

कुसुमताई गाडीतून उतरल्या, त्या गृहस्थांचे कपडे पदरानं पुसले आणि चालत घरी गेल्या. वहीत लिहिलं गेलं, 'पाय कच्चा. बंद.' मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, आणि आजही वाटते.

अडीच महिने गेले. जुलै संपता संपता एका सकाळी कुसुमताई गाडीपाशी आल्या. बरोबर श्यामसुंदर, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालत. कुसुमताईंनी पिशवीतून कापडाची एक लांब पट्टी काढली आणि गेनबांच्या हातात दिली.

"हे काय?"

"काल रात्री... नाही, परवा दुपारी मशीनवर बसले. तुम्ही म्हणालात पायात जीव नाही, तेव्हापासून मशीनलाही हात लावला नव्हता. भीती बसली होती. परवा म्हटलं, बघू तरी. ही टीप बघा. पाय ढिला पडला असता तर टाका लहानमोठा झाला असता."

गेनबांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. वीतभर नव्हे, चांगली दोन हात टीप, आणि सगळे टाके एकसारखे.

"मशीन येगळी, गाडी येगळी," ते म्हणाले. पण आवाज जरा उतरला होता.

"म्हणूनच आले. मला आज गाडी चालवायची नाही. उभ्या गाडीत बसायचंय."

श्यामसुंदर मागून म्हणाले, "बसू द्या मास्तर. उभ्या गाडीनं अपघात करण्याइतकी ती हुशार नाही."

गाडी सपाटीवर होती, हॅन्डब्रेक ओढलेला. कुसुमताईंनी इंजिन चालू केलं, हलकेच ब्रेक दाबला आणि धरून ठेवला. मग पिशवीतली शिवणाची मोजपट्टी काढून गेनबांकडे दिली. "तुमच्या बाजूच्या ब्रेकपासून खालपर्यंत किती आहे, मोजा. तुमचा पाय लांब ठेवा."

बारा वर्षांत पहिल्यांदा गेनबांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले आणि वाकून माझ्याकडे पाहिलं. पट्टी माझ्या टोपीला टेकवली. "साडेतीन इंच."

"अहो, तुम्ही तीस आकडे मोजा," कुसुमताई यजमानांना म्हणाल्या.

श्यामसुंदर सावकाश मोजू लागले. दहाला मी तीन इंचांवर होतो. वीसला दोनावर. मला थांबावंसं वाटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बघत होतं. सळईनं बांधलेला असल्यामुळे उजवीकडे जे होत होतं तेच माझ्यात होत होतं, नजरेसमोर, पट्टीला लागून. तीसला मी जमिनीपासून इंचभर उरलो.

"पाय बघा माझा," कुसुमताई म्हणाल्या. "हललाय का? दाब वाढवलाय का?"

गेनबांनी पाय पाहिला. घोटा जिथल्या तिथे होता.

त्यांनी रणजितला फोन करून तिथेच बोलावलं. "चालवत आनत न्हाई गाडी," एवढंच म्हणाले. रणजित मेकॅनिक तरुण, पण शहाणा. त्यानं आधी तेलाची डबी पाहिली, भरलेली होती. चारही चाकांच्या आत बोट फिरवलं, कोरडं. पाइप चाचपले, कुठे फुगवटा नाही. इंजिन बंद करून पाच-सहा वेळा ब्रेक दाबला, मग पाय ठेवून इंजिन चालू केलं. पेडल जरासं खाली गेलं. "एवढं जाणारच, ते बरोबर आहे," तो म्हणाला. मग हलकेच धरून बसला, आणि मी पुन्हा निघालो खाली.

"भसभशीत लागलं असतं आणि पंप केल्यावर वर आलं असतं तर तेलात हवा शिरलीय म्हटलं असतं. हे तसं नाही. बाहेर गळती नाही, तरी बसतंय. मास्टर सिलिंडर आतून गेलाय. मामा, हे आजचं नाही. किती दिवस चालवताय असं?"

गेनबांनी खिशातून पैसे काढून त्याच्या हातात ठेवले. "जा, नवा आन."

सिलिंडर नवा आला, काळं तेल काढून नवं भरलं, हवा काढली. रणजितनं हलका पाय ठेवून पूर्ण तीस मोजले. मी जागचा हललो नाही. तो गेल्यावर गेनबा गाडीत एकटेच बसले आणि वही उघडली. 'पाय कच्चा' अशी अकरा नावं निघाली. एकेकाला फोन लावला. "पाय तुमचा न्हाई, गाडी माजी खराब होती," एवढं एकच वाक्य प्रत्येकाला. अपेक्षाला लावला तेव्हा ती म्हणाली, "सर, मी त्यानंतर स्कूटरपण सोडली. मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे." गेनबांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसत बसले.

कुसुमताईंना सप्टेंबरात लायसन मिळालं. शेवटच्या दिवशी त्याच उतारावर त्यांनी गाडी थांबवून धरली. गेनबांचे पाय माझ्यापासून लांब होते. मी साडेतीन इंचांवर स्थिर उभा होतो, आणि मला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी दोघं स्वतःच्या गाडीतून आले. भाटघरहून परतत होते. गेनबा माझ्या बाजूचं दार उघडून खाली उतरले, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"दिसलं का धरन, साहेब?"

"धरण होतं तिथेच," श्यामसुंदर म्हणाले. "पाण्यावरची चमक दिसली. भिंत नाही दिसली. जुलैत गेलो असतो तर दिसली असती, असं डॉक्टर म्हणतात."

कुसुमताईंनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. गेनबा खिडकीपाशी वाकून उभे होते. "ते अडीच म्हयने मी खाल्ले तुमचे," ते म्हणाले.

ते 'असू द्या' म्हणतील असं मला वाटलं. श्यामसुंदर म्हणाले, "हो, खाल्लेत." मग म्हणाले, "आता दुसऱ्या कुणाचे खाऊ नका." कुसुमताईंनी पर्समधून ती मोजपट्टी काढून गेनबांच्या हातात ठेवली आणि गाडी सुरू केली.

ती पट्टी आता आमच्या गाडीत समोरच्या कप्प्यात असते. माझी टोपी झिजून गुळगुळीत झाली आहे, सळई अधूनमधून कुरकुरते. लाथा कमी झाल्यात. वहीत 'पाय कच्चा' पुन्हा लिहिलं गेलेलं नाही.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कुणी हलक्या आवाजात म्हणालं, पेडल खाली जातंय, तर त्याच्यावर ओरडण्याआधी गाडी उभी करा, खाली वाका आणि तीस मोजा.

गेनबा आता तेच करतात. आज सकाळी पूर्वा नावाची नवी मुलगी आली. गेनबांनी पाय मागे ओढले, पट्टी काढली, माझ्यापाशी वाकले आणि म्हणाले, "पोरी, हलकं दाब. आधी मी माजी गाडी तपासतो, मग तुजा पाय."