शोकेसवरचे दिवे

धाकटीचा डोळा थोरल्या जावेच्या टेबलावर होता. टेबल तिला नको होतं. ते जिथे होतं तो हॉलचा कोपरा हवा होता. दारातून आत आलं की उजवीकडे तो कोपरा. थोरली तिथे बसून रफू करायची. लोकांचे जळके, कुरतडलेले कोट यायचे आणि काही झालंच नव्हतं असे परत जायचे. नवरा गेल्यावर तिने दिरापुढे कधी हात पसरला नाही, तो याच कोपऱ्याच्या जोरावर. काळ्या कापडातला काळा धागा डोक्यावरून नीट उजेड पडला तरच दिसतो, आणि मागच्या खोलीत तर दिवसाही अंधार. टेबल तिकडे गेलं की सुई सुटली, आणि सुई सुटली की धाकटीच्या ताटाखालचं मांजर व्हायचं, हे थोरलीला स्वच्छ कळत होतं.

म्हणून हॉलला फॉल्स सीलिंग करायचं ठरलं, तेव्हा तिने कान टवकारले.

वायरमनची एक पद्धत होती. वर दिवे कुठे यायचे ते तो खाली फरशीवर ठरवायचा. चिकटपट्टीची एक फुली म्हणजे एक दिवा. घरच्यांनी त्या फुल्यांमधून वावरायचं, हव्या तिथे सरकवायच्या, कारण एकदा छत बंद झालं की वायर हलत नाही. थोरलीने आपल्या टेबलाशी एक फुली लावून घेतली. सकाळी ती डावीकडच्या कोपऱ्यात, शोकेसपुढे सापडली. शोकेस म्हणजे धाकटीचा जीव की प्राण. भिंतीत पक्की बसवलेली, आत काचेचे हंस. थोरलीने फुली परत आणली. संध्याकाळी ती पुन्हा हंसांकडे गेली. दोघींनी एकमेकींशी चकार शब्द काढला नाही, पण फुलीचा चिकटपणा संपायची वेळ आली.

शेवटी धाकटीने सगळ्या फुल्या ओरबाडून काढल्या. छत खालून दिसतं, तेव्हा खालूनच काढायला हवं, असं म्हणत ती हॉलच्या मधोमध उताणी पडली, कागद तोंडावर धरला आणि वर बघत बघत नकाशा काढला. दार, दारासमोरची खिडकी, कडेने लपवलेल्या उजेडाची पट्टी आणि शोकेसवर दिव्यांची रांग. थोरलीच्या कोपऱ्यात काही म्हणजे काही नाही. शिवाय सगळे दिवे एकाच बटणावर. कुणी एकटंच बसून वीज जाळायला नको, असं ती नवऱ्याला म्हणाली. थोरलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

छतवाला कामाला आला तेव्हा त्याने कागद बघायच्या आधीच सहज विचारलं, त्या टेबलावर दिवा नको का?

"कागदावर आहे तसं करा, डोकं चालवू नका," धाकटी म्हणाली. "आणि छताचं या जाऊबाईंना काही विचारायचं नाही."

थोरली तिथेच उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीरही तिथेच होता, मोबाइलमध्ये डोकं खुपसून.

धूळ सोसत नाही म्हणून धाकटी माहेरी निघून गेली. टेबल, शोकेस, सगळं प्लास्टिकखाली गेलं. छतवाल्याने कागद फरशीवर पसरला, कागदावरचं दार खऱ्या दाराकडे केलं आणि मापं वर नेली. दुपारी थोरली पाणी द्यायला गेली आणि दारातच थबकली. वायरी उजवीकडे लोंबत होत्या. तिच्या कोपऱ्यात. शोकेसवर छताचा नुसता सांगाडा.

उताणं पडून काढलेला कागद फरशीवर ठेवला की डावं ते उजवं होतं, हे धाकटीच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि छतवाल्याला तर डोकं चालवायची बंदी होती. थोरली बोलली असती तर वायरी घडीभरात हलल्या असत्या. ती बोलली नाही. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदात चांगुलपणा औषधालाही नव्हता. संध्याकाळी दिराने विचारलं, वहिनी, काम ठीक चाललंय ना? कागदाबरहुकूम चाललंय, असं ती म्हणाली.

छत बंद झालं, रंगलं, दिवे बसले. धाकटी परतली ती माहेरची माणसं घेऊनच. दिवेलागणीला सगळ्यांना हॉलच्या मध्ये उभं करून तिने ऐटीत बटण दाबलं.

कडेची पट्टी मंद उजळली. दिव्यांची सगळी रांग थोरलीच्या टेबलावर पडली. प्लास्टिक तिने सकाळीच काढलं होतं आणि मांडीवर काळा कोट घेऊन ती बसली होती. हंस कुठे आहेत ते पाहुण्यांना सांगावं लागलं असतं.

धाकटीचा चेहरा पडला. दीर वर बघत राहिला, मग थोरलीकडे वळला.

"वहिनी, तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं, भाऊजी."

"मग बोलला का नाहीत?"

"छताचं मला विचारायचं नाही, असं ठरलं होतं. तुमच्यासमोरच."

धाकटीने खाडकन बटण बंद केलं. अख्खा हॉल अंधारात गेला. कुणीतरी खुर्चीला ठेचकाळलं, कुणीतरी धाकटीला म्हणालं, अगं, दिवा लाव की. थोरली सुई धरून तशीच बसली. तिला घाई नव्हती. बोर्डापाशी धाकटीचा श्वास ऐकू येत होता.

मग बटण दाबल्याचा आवाज आला आणि थोरलीने पुढचा टाका घातला.