कपारीतला आकडा

"अकराच?" मी विचारलं. "मॅडम, अख्ख्या कातळावर अकराच तारामासे?"

"कॅमेऱ्यात तेवढेच दिसतायत, मावशी. आणि तुमच्या वहीत त्याच दिवशी त्र्याऐंशी." अहवाल लिहिणाऱ्या या मॅडमनी चष्मा डोक्यावर सरकवला. "कॅमेरा लावल्यापासून दोन वर्षं हेच चाललंय. समुद्र शांत असला की तुमचा आकडा जुळतो. खवळला की कॅमेऱ्यात दहा-बारा आणि तुमच्याकडे ऐंशीच्या वर."

"मग?"

"मग खवळलेल्या महिन्यांची पानं अहवालातून काढावी लागतील. सगळ्या एकोणीस वर्षांची." त्यांनी आवाज खाली आणला. "अंदाजानं लिहिलं असेल तर आत्ताच सांगा. कुणी रागावणार नाही."

कुणी रागावणार नाही म्हणे! इथं माझ्याच अंगाचा तिळपापड झाला होता.

या सागरी केंद्रात माझा हुद्दा मदतनीसाचा. काचेची भांडी धुवायची, टाक्यांतलं पाणी बदलायचं. पण पहिल्या मोठ्या सरांनी एकदा मोजायला शिकवलं आणि ते काम मला चिकटलं ते चिकटलंच. महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या ओहोटीला तोच तीस पावलांचा कातळ, कोपऱ्यांवर लाल रंगाच्या खुणा. ओल्या हातांनी लिहिता येत नाही, म्हणून डाव्या खिशात बटणं ठेवायची. दहा तारामासे झाले की एक बटण उजव्या खिशात. केंद्रात मला सगळे मोजणीमावशीच म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

घरी गेले आणि पिशवी आपटली. आमचे हे बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त.

"जाऊ दे गं," हे म्हणाले. "दीड महिन्याची तर नोकरी राहिलीय."

"म्हणूनच तर जाऊ देत नाही! एकोणीस वर्षं सुट्टी बघितली नाही, गारठा बघितला नाही. आणि शेवटी काय, तर मी थापा मारल्या?"

"तुझ्या बहिणीला तर अजून वाटतं, तू मासळी विकतेस."

"तुम्ही गप्प बसा."

हे हळूच म्हणाले, "तुझ्या मॅडमला कातळावर ने. गाडी चालते की नाही, हे डेपोत बसून कळत नाही."

माणूस आयुष्यात दोन-तीनदा शहाण्यासारखं बोलतो, त्यातलं ते एक.

पुढची मोठी ओहोटी सकाळी साडेसातला होती. वारा असा, की बोलायचं तर ओरडावं लागत होतं. मॅडम आल्या. मी आधी त्यांचे हात बघितले. लांब, रंगवलेली नखं.

"ही कापावी लागतील."

"आत्ता?"

"नखं लागली की त्यांना इजा होते."

मॅडमनी नमुन्यांच्या पेटीतली कात्री काढली आणि उभ्याउभ्या दहाही नखं कापली. तेव्हा पहिल्यांदा मला त्या थोड्या बऱ्या वाटल्या.

कातळावर उघड्यावर नऊ तारामासे होते. तेवढेच कॅमेऱ्याला दिसणार. मी गुडघे टेकले, मॅडमचा हात धरला आणि शिंपल्यांच्या खालच्या कपारीत कोपरापर्यंत घातला.

"दगड लागतोय," त्या म्हणाल्या.

"दगड निसरडा लागतो. हे खरखरीत आहे ना? आता थांबा जरा. ओढू नका, ओढलं की त्याचे बारके पाय तुटून दगडालाच राहतात."

त्या थांबल्या. मग त्यांचे डोळे मोठे झाले. "मावशी, हा मला धरतोय!"

"धरणारच. लाटा आपटायला लागल्या, की सगळे आत जातात. वादळात आपण दारं लावून बसतो, तसे. शांत महिन्यांत पुन्हा बाहेर येऊन शिंपले खातात. ते संपत नाहीत, मॅडम, आत जातात."

त्या दिवशी अठ्ठ्याहत्तर भरले. मला वाटलं, जिंकले. पण केंद्रातल्या खोलीत आल्यावर मॅडम वह्यांच्या गठ्ठ्यासमोर बसून राहिल्या.

"आजचं मी मोजलं. पण मागच्या वर्षांचं काय? तुम्ही दर वेळी असंच मोजलं, हे मी कशावरून मानू?"

कोण साक्षीदार आणू, समुद्र? त्या एकेक वही चाळत होत्या. सातव्या वहीत थांबल्या.

"हे पान कोरं आहे. फक्त तारीख."

"त्या पहाटे माझी आई गेली."

"तुम्ही लिहू शकला असतात. आधी एक्याऐंशी, नंतर ऐंशी. मधल्या महिन्याचा आकडा कुणालाही सुचला असता."

"सुचला असता की. पण मोजलं नाही ते लिहायचं कसं?"

मॅडमनी वही मिटली आणि बाजूला केलेली सगळी पानं पुन्हा अहवालाच्या फाइलीत लावली. माझ्यासमोर, एकेक करून. मी भांडी धुवायला गेले आणि नळ मोठा सोडून मनसोक्त रडले.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मोठी ओहोटी आली. या वेळी मॅडम मोजणार, मी नुसती सोबतीला. नखं त्या घरूनच कापून आल्या होत्या. बटणं मी पिशवीतून त्यांच्या डाव्या खिशात ओतली. दोन तास त्या गुडघ्यांवर होत्या, कोपर खरचटलं, ओठ निळे पडले. मी मागून त्याच कपारींत हात घालत होते. सवय हो, दुसरं काय.

"चौऱ्याहत्तर," त्या उठून म्हणाल्या. "तुमचे किती?"

खोटं बोलावं असं वाटलं क्षणभर. "शहात्तर," मी म्हटलं. "त्या टोकाच्या फटीत, अगदी तळाशी दोन आहेत."

मॅडम पुन्हा खाली बसल्या. खांद्यापर्यंत हात घातला, गाल कातळाला टेकला. बराच वेळ चाचपडत राहिल्या. एवढ्यात पाणी चढायला लागलं. त्यांचा हात तळापर्यंत पोचत नव्हता.

त्या उठल्या, हात पुसले, नवी वही उघडली. मी वाकून बघितलं.

त्यांनी चौऱ्याहत्तर लिहिलं होतं.

"रागावलात?" त्यांनी विचारलं.

रागावते कशाला? माझा ऊर भरून आला होता. मी म्हटलं, "पाणी चढतंय, चला." आणि रिकामी पिशवी उचलून पुढं चालायला लागले.