हरकत क्रमांक एकेचाळीस

नव्या आराखड्यावरच्या हरकतींच्या गठ्ठ्यातला एकेचाळिसावा कागद उलटला आणि तिने तो उजेडात धरला. ते तिरपं, दाबून काढलेलं अक्षर ती लहानपणापासून ओळखत होती. बाबांचं!

नगररचना कार्यालयात ती नकाशे करायची. बंगल्यांच्या वस्तीत तीन मजली घरांना परवानगी, खाली दुकानं, रस्त्यांना फुटपाथ, हा नवा आराखडा तिनेच दोन वर्षं खपून केला होता. बाबा त्याच वस्तीत राहत. नजर अधू झाल्यापासून त्यांचं गाडी चालवणं सुटलं होतं. साध्या गोळ्या आणायच्या तरी लेकीची वाट बघावी लागे. आणि त्यांनी लिहिलं होतं, 'माझ्या अंगणातलं ऊन जाईल. आराखडा रद्द करावा.'

सुनावणीपर्यंतचे चार दिवस तिचं कशात मन लागेना. फोन हातात घ्यायची, पुन्हा ठेवून द्यायची.

बाबा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, थेट पुढच्या रांगेत. नंबर पुकारताच उठून घडाघडा बोलले. उत्तरासाठी सगळे तिच्याकडे बघू लागले. ती उठून सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांना म्हणाली,

"साहेब, हे माझे वडील आहेत. यांना उत्तर दुसऱ्या कुणीतरी द्यावं."

सहकाऱ्याने नियम वाचून दाखवले. मग बाबांच्या शेजारच्या निवृत्त नर्सबाई उठल्या. "घर परवडेना म्हणून माझी मुलगी शहराबाहेर गेली. वर मजला चढवू दिलात तर परत येईल. यांच्या उन्हापायी मी किती वर्षं थांबू?"

बाबा खुर्चीत बसले.

आराखडा मंजूर झाला. बाबांच्या गल्लीला मात्र दोनच मजल्यांची परवानगी मिळाली.

बाहेर बाबा म्हणाले, "गाडी नको. चालतो." रस्त्याला फुटपाथ नव्हता. ती पुढे, तिच्या खांद्यावर हात ठेवून ते मागे. गाड्या अगदी अंगाला चाटून जात होत्या.

"रागावलात?"

"नाहीतर काय! तुझं उत्तर ऐकायला आलो होतो मी. तू ते दुसऱ्याच्या गळ्यात मारलंस."

"तसा नियम आहे, बाबा."

"नियम गेला खड्ड्यात. माझं ऊन जाणार का, ते सांग."

ट्रक धडधडत गेला. ती मान वळवून ओरडली, "हिवाळ्यात तीननंतरचं जाईल! सकाळचं राहील!"

"कशावरून?"

"मोजलंय मी. तुमच्याच अंगणात उभी राहून."

 तिच्या खांद्यावरची त्यांची पकड घट्ट झाली.

"मला नाही पटत. उद्या सकाळी ये आणि पुन्हा मोजून दाखव."